कुजका पाला

नाही हो, चावत नाही तो किडा. बसा निवांत. ढेकणाच्याच जातीतला आहे, पण रक्त पिणारा नव्हे — पडलेल्या बिया चोखतो, सोंड असते त्याला. मला कसं माहीत? बरोबर आहे, झाडूवाल्याला कुठनं कळणार — लेकीनं सांगितलं. ती किड्यांचंच शिकली. लोक ढेकणांनी हैराण होतात आणि माझी लेक त्यांच्यासाठी जमिनीवर पालथी पडायची! हा लाल-काळा काय, कुठंही भेटतो. तिचा वेगळा होता — बारका, मातकट, पंखच नाहीत, म्हणजे जन्मला तिथंच मरणार. ते पत्रे ठोकलेत ना, त्यामागच्या झाडीत गेल्या वर्षी एकच सापडला, फोटो काढून सोडून दिला तिनं. मग या बागेची समिती म्हणाली, झाडी तोडून गाड्या लावायला जागा करायचीये, पण असा किडा खरंच असेल तर नाही तोडत — आमच्यासमोर दाखव.

आता समिती येणार म्हटल्यावर बाप काय करेल? सव्वीस वर्षं झाडतोय मी इथं. समितीच्या साहेबांसमोर लेकीची जागा उकिरडा दिसायला नको — म्हणून महिनाभर आधीच, तिला न सांगता, त्या झाडीतला कुजका पाला पार मातीपर्यंत खरवडून काढला. दोन दिवस लागले, कंबर धरली, पण जागा कशी लख्ख! मग वरून नवा पाला पडला, दिसायला होतं तसंच. ती आली, जमिनीत पेले पुरले — काठ मातीला लागून, म्हणजे चालता चालता किडा आत पडतो — आणि म्हणाली, बाबा, पेल्यांना हात लावू नका. नाही लावला. राखण केली, कुत्रंसुद्धा फिरकू दिलं नाही.

पाच दिवसांनी समितीसमोर पेले काढले. मुंग्या. नुसत्या मुंग्या, एकूण एक पेल्यात. घरी येऊन म्हणते, जुन्या कुजक्या पाल्याखालीच राहतो तो, असायलाच हवा होता — आणि तो पाला तर मीच काढला होता.

तेव्हाच सांगायचं होतं, कळतंय हो मला. पण ती रडायला लागली. "बाबा, गेल्या वर्षी मीच चुकीचा ओळखला असणार. मला यातलं काहीच येत नाही." आणि मी काय म्हणालो? "जाऊ दे, दुसरं काहीतरी कर." असं म्हणालो मी. तिला. आता चष्म्याच्या दुकानात बसते. वह्या रद्दीत गेल्या — मीच नेऊन टाकल्या, ती म्हणाली म्हणून.

आता सांगून काय होणार? झाडी कालपासून पाडायला घेतलीये. तिचं मन हलकं होईल म्हणता — होईल ना, नाही कशाला म्हणू. पण मग ती माझ्याकडं जशी बघेल, ते मला सोसायचं नाही. एवढंच आहे सगळं. किड्याचं नाही, झाडीचं नाही, माझंच.

तुम्ही काही रोजचे नाही इथले, म्हणून बोललो. उठा आता, फाटक लावायचंय. आणि परत आलात तर मला ओळख दाखवू नका.