भाग कशानं गेला?

आमच्या मिलिंदचं ऐका. मुकुंदवाडीत राहतो, कॉलेजात गणित शिकवतो. त्यानं घरचा कॉम्प्युटर एका प्रचंड आकड्यामागं लावला होता. छापायला घेतला तर पुस्तकं भरतील एवढा आकडा! ती मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही ना, एवढं बघायचं होतं. कित्येक आठवडे मशीन चालू. परवा मी त्याच्याकडं चहाला बसलेलो असतानाच उत्तर आलं. मूळ नाही.

मिलिंदचं तोंड उतरलं. त्याच्या आईनं विचारलं, “मग कशानं भाग गेला?”

“ते कळत नाय, आई. भाग जातो एवढंच ही परीक्षा सांगते. कशानं, ते शोधायला आयुष्य पुरणार नाय.”

“आन् तरी उत्तर पक्कं?”

“एकदम पक्कं.”

आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “तू आन् सुनील, सख्खे भाऊ. बोलणं बंद होऊन वर्षं झाली. नेमकं काय बिनसलं ते कळल्याबिगर फोन करणार नाय म्हणतोस. नको शोधू. लाव फोन.”

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मी कपात बघितलं. शेवटी आईला ऐकू यावं म्हणून त्यानं स्पीकरवर फोन लावला.

सुनीलनं लगेच उचलला. आवाज घाबरलेला. “आईला काय झालं?”

मिलिंदनं फोन आईपुढं धरला. आईच फोनजवळ वाकल्या. “काय नाय झालं रे. जेवायला ये.”