सूनबाई, झालं का धुऊन?

...अहो, पण जे डोळ्याला दिसत नाही ते धुवायचं किती? तुम्हाला सांगतो, आमची सूनबाई गुरांची डॉक्टर. गुणाची पोर, पण स्वच्छतेचं वेड... आमच्या हिच्यापेक्षा वरताण!

तर आमची ठमी. गाय हो! गोठ्याची मालकीणच म्हणा. तिच्या रक्तात रोग निघाला. दिसायला धडधाकट, पण पोटातल्या वासराला लागायची भीती. मला अन्न गोड लागेना. ठमीचा वंश इथेच खुंटणार? सूनबाई म्हणाली, "बाबा, रडू नका. गर्भ अगदी कोवळे असतानाच काढू, स्वच्छ धुऊ आणि आपल्या धाकट्या गाईच्या पोटात ठेवू. ती निरोगी आहे." मी कुठे रडत होतो? डोळ्यात भुसा गेला होता!

आता धुणं म्हणजे मला वाटलं, एकदा खळबळलं की झालं. छे! भिंगाखाली बघत या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून पलीकडच्या, दर वाटीला नवी नळी... "सूनबाई, झालं का धुऊन?" "नाही बाबा." पुन्हा वाटी! मग म्हणते, "याच्या कवचाला तडा गेलाय, बाद. याला कण चिकटलाय, सुटत नाही, हाही बाद." अहो, बाद काय? नातवंडं आहेत ती माझी! शेवटी राहिला एकुलता एक. "सूनबाई, झालं का धुऊन?" "झालं! आता बाहेर बसा!"

बसलो असतो तर... पण हौस! गर्भ भरलेल्या नळीवर प्लास्टिकचं आवरण होतं. म्हटलं, नवी वस्तू आहे, वेष्टन काढून ठेवू, तेवढीच मदत. सर्रकन ओढलं! सूनबाई किंचाळली, "बाबा! बाहेरची घाण गर्भाशयात जाऊ नये म्हणून असतं ते!" वर आमची ही, "रिमोटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं कुणाला काढू देत नाहीत, आणि हे बरं काढलंत!" नशीब, आतली नळी सलामत होती. पोरीने नवं आवरण चढवलं.

धाकटी गाभण राहिली, कालवड झाली, रक्त तपासलं... स्वच्छ! सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखा रडलो हो.

आता ठमी वेगळ्या गोठ्यात. लेक आज कशी उधळली, हे तिला सांगायला जावंच लागतं ना? पण परत आलो की सूनबाई बादली घेऊन दारात! बूट बाहेर, कपडे बाहेर, साबण, पुन्हा साबण... त्या गर्भाला निदान शेवटी "झालं" म्हणाली होती. मला अजून म्हणालेली नाही!