कंपनीतला पाव

आप्पा : मागनं जेवते, मागनं जेवते! जने, शाळेसाठी आमच्याकडे राहायला आल्यापासून एकदा तरी माझ्या पंगतीला बसलीस का?

जनी : मी जेवते ना, आप्पा. सैपाकघरात.

आप्पा : कोपऱ्यात. परक्यासारखी. रविवारी तुझे बाबा आले की काय सांगू? पोर रमत नसेल तर परत नेतो म्हणालेत.

जनी : नको! गावात सातवीपुढं शाळाच नाय.

आप्पा : बरं, रडू नको. बाबा कुठे कामाला आहेत?

जनी : लोट्याला. कंपनीत.

आप्पा : कंपनी म्हणजे?

जनी : कारखाना. भोंगा वाजतो, न्यायला बस येते.

आप्पा : आणि इतिहासात आली ती?

जनी : ईस्ट इंडिया. ती व्यापाऱ्यांची.

आप्पा : फौजेतल्या तुकडीलाही कंपनीच म्हणतात. आणि नुसती सोबत केली तर?

जनी : तीपण कंपनी! मामा मुंबयवरनं आला की म्हणतो, बाजारात चल, कंपनी दे.

आप्पा : शाब्बास. आता गंमत सांगतो. ह्या सगळ्यांच्या पोटात पाव आहे.

जनी : बेकरीतला?

आप्पा : त्याचाच पणजोबा. जुन्या लॅटिन भाषेत ‘कॉम’ म्हणजे बरोबर आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीतलं मिळून खातात ते सोबती, आणि अशा सोबत्यांची ती कंपनी. त्याच पानिसचा पोर्तुगिजांकडे पाव झाला आणि गलबतातून आपल्याकडे उतरला.

जनी : बाबापण सांगतात. जेवायच्या सुट्टीत सगळे डबे मधी ठेवतात.

आप्पा : बघ! मग माझ्याबरोबर जेवायला लाज कसली?

जनी : लाज नाय. पण... काकूंची कंपनी कोण?

आप्पा : म्हणजे?

जनी : तुम्ही जेवून झोपाळ्यावर आडवे होता. मग काकू बसतात, गार भात घेऊन. घरी आयपण तशीच बसायची. मी थांबायची तिच्यासाठी. आता तिकडं ती एकटीच जेवते. म्हटलं, हितं तरी...

(आप्पा झोपाळा पायाने थांबवतात. सैपाकघरातून काकू, म्हणजे कमला, हाक मारतात.)

कमला : अहो, पान वाढलंय! या लवकर, पिठलं निवतंय.

आप्पा : किती पानं घेतलीस?

कमला : तुमचं एक. आज हे काय नवीन विचारणं?

आप्पा : भाताचं पातेलं बाहेर आण. पिठलंही. मी पाट मांडतो.

कमला : तुम्ही? आणि वाढायचं कोणी?

जनी : ज्याचं त्यानं, काकू!

कमला : पुरे! तुमच्यासमोर बसून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही हो.

जनी : माझ्याकडं बघून जेवा.

आप्पा : मी खिडकीकडे तोंड करतो, हवं तर. बस.

जनी : आप्पा, मग बाबांना काय सांगाल?

आप्पा : काही नाही. रविवारी चौथा पाट मांडू.

कमला : अगंबाई... जने, भात गरम आहे गं.