आत्याचा हक्क

(ऑकलंडच्या मांगेरे भागातलं एक भाड्याचं घर. टोंगाहून येऊन इथे रुजलेलं कुटुंब. जुलै, म्हणजे तिथली ऐन थंडी. सकाळ, बाहेर पाऊस. मेलेआना ही वासितीची थोरली नणंद, म्हणजे तिचा नवरा सेमिसी याची मोठी बहीण. पिसीला ही वासितीची आठ वर्षांची मुलगी.)

मेलेआना : ताप आहे म्हणतेस, आणि पोरीचं कपाळ तर गार पडलंय.

वासिती : आत्ताच उतरला, वन्सं. तुम्ही बसा ना. चहा टाकते.

मेलेआना : कशावर टाकतेस? दिवा लागत नाही, हीटर बंद, पोरगी दोन ब्लँकेटं पांघरून बसलीय. पाऊस आहे म्हणून हिला गाडीनं शाळेत सोडायला आले, तर इथे हा अंधार. विजेच्या प्रीपेड मीटरमधले पैसे संपले ना?

वासिती : छे हो, फ्यूज गेलाय. सेमिसी कामावरून आला की बघेल.

पिसीला : आत्या, फ्यूज नाही गेला. आणि मला तापपण नाही. माझा युनिफॉर्म वाळला नाही म्हणून...

वासिती : पिसीला! मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.

मेलेआना : बोलू दे तिला. मोठी माणसं थापा मारायला लागली की लहानांनाच बोलावं लागतं. दुसरा नाही का गं तुला?

पिसीला : एकच आहे. आई रात्री धुते आणि हीटरपुढे ठेवते. काल वीज गेली. आत्या, आज शाळेत चिकन-भात असणार होता जेवायला.

वासिती : वन्सं, भलतंच मनात आणू नका. घरात सगळं आहे. उलट तुम्ही आलात ते बरं झालं. ही बघा, माझ्या लग्नातली चटई, दागिन्यासारखी जपलेली. चर्चच्या कार्यक्रमाला लागेल ना तुम्हाला? घेऊन जा.

मेलेआना : मी मागितली का?

वासिती : मागायला कशाला हवी? भावाच्या घरात बहीण ज्यावर बोट ठेवील ते तिचं. टोंगात काय नि इथे काय. मागे नक्षीचं कापड नेलंत, त्याआधी सासूबाईंची चटई नेलीत. मी कधी चकार शब्द काढला?

मेलेआना : तोंडानं नाही काढलास. डोळ्यांनी पुष्कळ काढलास.

वासिती : वन्सं, तसं नाही हो...

मेलेआना : खरं काय ते सांग आता.

वासिती : काय सांगू? सेमिसी रात्रभर विमानांत सामान भरतो, मी म्हाताऱ्यांच्या चादरी बदलते. दोघंही राबतो. पण भाडं आधी जातं, आणि मग हातात राहतं काय? एवढ्या भरल्या देशात माझी पोर शाळेतल्या जेवणाची वाट बघते, हे कुठल्या तोंडानं सांगू? तेही तुम्हाला!

मेलेआना : मी ज्या ऑफिसात फरशी पुसते ना, तिथे रात्रभर हीटर चालू असतो. आत माणूस नाही. कुंडीतल्या झाडांना ऊब! असा संताप होतो माझा. पण संतापावर भात शिजत नाही.

वासिती : मला कुणाचे उपकार नकोत, वन्सं. बहिणीपुढे हात पसरला कळलं, तर सेमिसी मान वर करणार नाही.

मेलेआना : उपकार कसले? मी द्यायला आलेच नाही. मी न्यायला आलेय. या घरावर माझा हक्क आहे, तूच म्हणालीस ना आत्ता?

वासिती : हो. चटई देते ना बांधून.

मेलेआना : चटई ठेव तुझी. मला पोरगी हवी. शाळा सुटली की रोज माझ्याकडे. जेवेल, अभ्यास करेल, तिचे कपडे माझ्या मशिनमध्ये वाळतील. झोपायला तुझ्याकडे आणून सोडेन. घे, मागितलं. आता नाही म्हणून दाखव.

वासिती : वन्सं...

मेलेआना : म्हणता येतं का नाही?

वासिती : नाही येत.

मेलेआना : मग झालं तर. सेमिसीला सांग, तुझ्या बहिणीनं हक्कानं नेली. त्याची मान ताठच राहील.

वासिती : तुमची गाडी दारात दिसली की नको वाटायचं. आता ही बाई काय उचलून नेते, असं व्हायचं. आणि आज... देव तुमचं भलं करो, वन्सं. उपकार म्हणू देत नाही तुम्ही, मग काय म्हणू मी? छातीवरचा धोंडा उतरवलात माझ्या.

मेलेआना : पुरे गं. तो युनिफॉर्म आण, आणि त्यावर रडू नकोस, आधीच ओला आहे. वाळवते आणि जेवणाच्या सुट्टीआधी हिला शाळेत सोडते. पिसीला, संध्याकाळी अळूची पानं करणार आहे, नारळाच्या दुधातली.

पिसीला : आत्या, तुला या घरातलं काहीही मागता येतं?

मेलेआना : काहीही.

पिसीला : मग आईलापण माग ना. ती रोज म्हणते भूक नाही, आणि माझं जेवून झालं की पातेलं पुसून खाते.

वासिती : पिसीला!

मेलेआना : वासिती, कोट घाल. चल, गाडीत बस.