काचेवरचा ठसा

बुऱ्हाणपूरच्या इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर सासू-सून बसल्या होत्या.

“आत्याबाई, नर्स म्हणाली, गाठीचा तुकडा काचेवर दाबून नेला! नव्या घराच्या भिंतीवर हळदीचा हात उमटवतो ना, तसा ठसा!”

“आणि माझ्या निंबाला तसंच टेबलावर ठेवलं?”

“हो! रंग लावून फौरन दुर्बिणीतून बघतात. खराब निघाली तर हातच...”

“गप गं कोकिळा! केळीचे घड वाहून खांद्यावर आलेली गाठ ती. मला पक्कं माहीत आहे.”

“डॉक्टर आले! उठा, उठा!”

“बाई, साधी चरबीची गाठ आहे. तेवढीच काढतो. हाताला धक्का नाही.”

“ऐकलंत, आत्याबाई? हात वाचला!”

“मी काय सांगत होते? मला फिकरच नव्हती!”

“मग आपल्या दापोऱ्यापासून बसमध्ये त्यांचा तोच हात धरून का बसला होतात?”