प्रौढ वाचक

—अहो मृणाल मॅडम, अख्ख्या वर्तकनगरात माझ्यासारखा वाचणारा सापडायचा नाही! तुम्ही दिलेली सगळी पुस्तकं संपवली. म्हणजे — एक संपवलं. बाकीच्यांची चित्रं बघितली. हसा, हसा. चूक तुमच्या मोठ्या बाईंची. शाळेच्या लायब्ररीसाठी नववी-दहावीच्या पोरांच्या कादंबऱ्या निवडायच्यात, समितीत बाहेरचा एक माणूस हवाय, ‘आशय जरा प्रौढ आहे’ म्हणाल्या — मला वाटलं, म्हाताऱ्यांची पुस्तकं असतील! चौथीनंतर माझी शाळा म्हणजे प्रौढ शिक्षणाचा वर्ग, तोही अर्धाच, मास्तरांच्या खुर्चीत खाजकुयली टाकली म्हणून हाकललेलं. बसा हो, उठताय कुठे? चप्पल शोधू नका. एक मी लपवलीय. चहा घेतलात तर मिळेल.

तर ही कादंबरी. मी पास करणार नाही. का? मुका घेतलाय म्हणून? छ्या! ते पान तर मी जिन्यात समोरच्या पंढरीला मोठ्याने वाचून दाखवलं — त्याच्या बायकोने असं दार आपटलं, की माझ्याकडचं कॅलेंडर पडलं. शिव्या आहेत म्हणून? टेंभी नाक्याला हंडी बघायला गेलेलो, तिथे पोरांकडे याहून ताज्या होत्या. ते सगळं चालेल. पण ती पोरगी — आई मेल्यावर रोज दोन कप चहा करते, एक समोर ठेवते नि त्याच्याशी गप्पा मारते — हे नाही चालणार. पोरं घाबरतील. असं करतं का कोणी? करतं म्हणा — आमची बायको, रंभा, गेल्यापासून मी पण... पण माझं वेगळं, मला एका कपाचं माप जमत नाही. सुशांतला सांगितलं, तर म्हणाला, बाबा, छोटं भांडं घ्या. मुलगा माझा, शहाडला असतो, लोकलने पाऊण तास. लांब आहे हो शहाड — रविवारी तर फारच लांब.

काय? आजच सांगायचं? दोघं हो म्हणाले, दोघं नाही, माझ्यावर अडलंय? मग अडू दे की! मी परत वाचतो, पुढच्या गुरुवारी या. त्याच्या पुढच्या गुरुवारी चर्चा करू. एकदा निकाल लागला की तुम्ही कशाला चढताय हे चार मजले — म्हणजे तुमच्या गुडघ्यांची काळजी हो, माझं काय! आता हसत नाही तुम्ही? बरं, चप्पल फ्रिजवर आहे. घ्या. नि लिहा, कुंडलिक म्हणतो, नको. मुलांना ती पोरगी झेपणार नाही —

“मुलांना झेपेल, काका. तुम्हाला झेपली नाही.”