पुष्पाबाईंची तिसरी मशीन

चिखली स्टँडवर रुपालीची नजर शेजारच्या बाईच्या मांडीवरल्या पोत्यावर होती. लोकांची ओझी नजरेनं तोलायची तिची जुनी खोड. बाईची सोबतीण विचारत होती,

“घरी दोन शिलाई मशिनी असताना तिसरी काऊन, पुष्पाबाई? दुकान टाकता का?”

“एक ब्लाऊजची, एक गोधडीची. जाड कापड घातलं का ब्लाऊजची रुसते.”

“अन् हे?”

“काजलची. लग्नात देल्ली होती आम्ही.”

“जावयानं वापस केली?”

“पोरीचं वर्षश्राद्ध झालं, आता नवी बायको आणून राह्यला. घरात जागा पाह्यजे म्हणे.”

“मंग चालवा तुम्ही.”

“कशी चालवू? सुईखाली तिचं अर्धं शिवलेलं झबलं हाये. सुई उचलली का ते निघून येईन.”

मलकापूरची गाडी लागली. रुपालीनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तिथं ते पोतं बसवलं आणि आपण उभी राहिली.